हत्तीचा ह

भास्कर, तू मला फसवलंस. ‘प्यादं’ या बुद्धिबळाच्या मासिकाचे संपादक भास्कर शिवशरण यांनी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलवाल्या हणमंत वाघमोडेला फसवलं. हे मी पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण या अंकात बाकीचे सगळे तू किती सज्जन होतास तेच लिहिणार आहेत. सज्जन होतासच. सज्जन माणसानं फसवलं की तक्रार कुठं न्यायची ते कळत नाही, एवढंच.

तुझी प्राची म्हणाली, “काका, बाबांचा शेवटचा अंक काढतेय. तुम्ही लिहा.”

मी म्हटलं, “मी लिहायला बसलो तर भांडण लिहीन.”

“तेच हवंय,” म्हणाली. पोरगी तुझीच. समोरच्याला बोलायला लावते आणि आपण गप्प बसते.

तेव्हा लिहितो. तू ऐक. या खेपेला तुला मधे बोलता येणार नाही.

आपली ओळख रद्दीच्या दुकानात झाली हे तू कुणाला सांगायचा नाहीस. “वाचनालयात भेटलो,” म्हणायचास. मी माळशिरसकडून आलेला, बरीच वर्षं दुसऱ्याचे माग चालवून नुकतेच काही माग स्वतः भाड्यानं घेतलेले. टॉवेलचे गठ्ठे गुंडाळायला कागद लागायचा, म्हणून शुक्रवार पेठेतल्या रद्दीवाल्याकडं जायचो. त्या दिवशी तिथं गुळगुळीत, जाड कागदाची मासिकं पडली होती. पानापानावर काळे-पांढरे चौकोन. मला चौकोनाशी काय करायचं होतं? ओल धरणार नाही असा कागद पाहिला आणि सगळा गठ्ठा ठरवून टाकला. खांद्यावर घेतोय तोच तू सायकल भिंतीला टाकून धापा टाकत आत आलास.

“ओ, ते माझं आहे.”

“तुमचं हाय तर रद्दीत कसं आलं?”

“म्हणजे, मी ह्यांना सांगून ठेवलं होतं.”

“सांगून ठेवलेला माल येगळा आणि घेतलेला माल येगळा. लई फरक हाय की.”

तू वीज कार्यालयातला कारकून. खिशाला पेन, शर्टाला इस्त्री, आणि भाव करायची अक्कल शून्य. तोंडावरच दिसत होतं की हा माणूस या कागदांसाठी काय मागू ते देईल. असं गिऱ्हाईक रोज मिळत नाही. मी विचारलं, एवढं काय आहे यात? तू तिथंच पोत्यावर एक मासिक उघडलंस, ओळीवर बोट ठेवलंस आणि एक डाव वाचून दाखवलास. खुनाच्या खटल्याची हकिकत सांगावी तसा. घोडा कुठून आला, वजीर का पळाला, राजाचं दार कुणी उघडं टाकलं. रद्दीवाला तराजू धरून तसाच उभा. खेळ मला येत होता, गावाकडं चावडीच्या ओट्यावर शिकलेला. पण खेळून झालेला डाव कागदावर राहतो, आणि कुठल्या कुठं दुसऱ्या देशात बसलेल्या माणसाला तो परत मांडता येतो, हे मला माहीत नव्हतं.

मी म्हटलं, “सगळी न्या. पण मला हे वाचायला शिकवायचं. दर रविवारी.”

“आणि तुमच्या टॉवेलांना कागद?”

“टॉवेलाला वर्तमानपत्र चालतंय.”

त्या दिवशी घरी जाताना मला वाटलं, मी चांगला सौदा केला. अजूनही तसंच वाटतं. म्हणूनच राग येतो.

तुझ्या बाहेरच्या खोलीत, पंख्याखाली, दर रविवारी सकाळी. सुमनवहिनी चहा ठेवायच्या आणि म्हणायच्या, “भाऊजी, आज आवाज खालच्या पट्टीत. शेजारचे विचारतात, जमिनीचा वाद आहे का.” तू मला पटाच्या घरांची नावं शिकवलीस. उभ्या रांगा अ, ब, क, ड, इ, फ, ग, ह. आडव्या एक ते आठ. प्रत्येक घराला पत्ता. सोंगटीचं पहिलं अक्षर आणि ती गेली त्या घराचा पत्ता लिहिला की चाल झाली. घोड्याचा घ, उंटाचा उ, वजिराचा व. प्याद्याला मात्र अक्षर नाही. नुसता पत्ता दिसला की प्यादं चाललं असं समजायचं.

“गरिबाला नाव नाही व्हय?” मी विचारलं होतं.

“नाव नाही, पण जातंय कुठं ते सगळ्यांना कळतं,” तू म्हणालास.

मग रशियन मासिकं आली. स्वस्त असायची, टपालानं यायची, पट्टीत गुंडाळलेली. तुला रशियन येत नव्हतं, मला इंग्रजीही येत नव्हतं. दोघं मिळून आपण रशियन मासिक वाचायचो. आकडे तेच, घरं तीच, बाकी अंदाज. एका अक्षराचा अर्थ तू कुणाला तरी विचारून आलास, “हत्ती.” आणि तो हत्ती तिरका चालायला लागला! आपला हत्ती सरळ जातो, सगळ्या जगाला माहीत आहे. कितीतरी रविवार तू म्हणत राहिलास की छापताना चुकलंय आणि मी म्हणत राहिलो की तुझा विचारलेला माणूस चुकलाय. शेवटी तू शब्दकोश आणलास. त्यांचा हत्ती म्हणजे आपला उंट, आणि आपल्या हत्तीला ते नाव म्हणतात, पाण्यातली नाव.

मी म्हटलं, “बर्फात हत्ती कुठून आला?”

वहिनी आतून म्हणाल्या, “आणि सोलापुरात उंट कुठं असतो?”

तू इतका हसलास की चहा पटावर सांडला. त्या मासिकाच्या पानावर तो डाग अजून आहे. मी परवाच पाहिला. 

‘प्यादं’ काढायचं ठरवलंस तेव्हा नाव मला आवडलं होतं. चार पानांचं, मराठीत, सगळे डाव मराठी अक्षरांत. “आपल्या पोरांनी इंग्रजी शिकेपर्यंत थांबायचं का?” हे तुझं वाक्य मला पटलं होतं. पण मी तुला तेव्हाच एक गोष्ट सांगितली होती, आणि ती आता या अंकात छापून येऊ दे. मी सांगितलं होतं की हत्तीचाही ह आणि शेवटच्या रांगेचाही ह. दोन वेगळ्या मालांवर एकच खूण घातली की गोदामात घोळ होतो. हे सांगायला बुद्धिबळ यावं लागत नाही.

तू म्हणालास, “मग हत्तीला गज म्हणू. ग.”

“ग पण रांग हाय.”

तू बोटं मोजलीस. अ, ब, क, ड, इ, फ, ग, ह. हत्ती म्हण की गज म्हण, पुढं रांग उभी. “बघ, हत्तीला कुठंच जागा नाही,” म्हणालास आणि विषय हसण्यावारी नेलास. “वाचणाऱ्याला कळतं रे. हत्ती ह रांगेत गेला तर दोन ह लिहायचे. हह. त्यात काय?”

त्यात काय, ते पुढं दिसलं.

शाळेच्या सभागृहात तो मोठा खेळाडू आला होता, बाहेरगावचा. टेबलं लावून एकाच वेळी सगळ्यांशी खेळणार होता. तू मला न विचारता माझं नाव दिलंस. मी कारखान्यातून तसाच आलो, डोक्यावर सुताचे तंतू. शेजारच्या टेबलावर एक वकील बसले होते, त्यांनी खुर्ची जरा लांब घेतली. तू माझ्या मागं उभा राहिलास. खेळाडू गोल फिरत यायचा, पटाकडं बघायचा, चाल करायचा, पुढं जायचा. माझ्या तोंडाकडं त्यानं बघितलं नाही. मला तेच पाहिजे होतं.

माझा हत्ती पाचव्या आडव्या रांगेत उभा होता. मी तो सरकवत सरकवत रांगेच्या टोकाला नेला, ह५ या घरात, आणि त्याच्या प्याद्याच्या तोंडात ठेवून दिला. मागं तुझा श्वास अडकलेला मला ऐकू आला. तो आला. थांबला. पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. मी खिडकीकडं बघितलं. गिऱ्हाईक माल हातात घेऊन विचार करत असतं तेव्हा त्याच्याकडं बघायचं नसतं.

त्यानं हत्ती खाल्ला. आणि राजापुढची भिंत उघडली. मग माझा वजीर आत गेला, मागून उंट गेला, आणि जरा वेळानं त्यानं स्वतःचा राजा आडवा केला आणि हात पुढं केला. त्या दिवशी त्याला हरवणारा मी एकटा. तू माझा हात सोडेनास. वकीलसाहेबांनी खुर्ची परत जवळ घेतली.

हह५. हत्ती, ह५ घरात. आयुष्यात मी फुकट दिलेली ती एकच गोष्ट.

आणि पुढच्या अंकात तू काय छापलंस? ह५.

एक ह गेला. अक्षर नाही, नुसता पत्ता, म्हणजे प्यादं. माझं प्यादं ह४ वर होतंच, ते एक घर पुढं गेलं असं सगळ्यांनी वाचलं. त्याच्या प्याद्यानं ह५ वर जे खाल्लं ते काय होतं, हे लिखाणात कुठं येतं? पुढच्या सगळ्या चाली जशाच्या तशा लागू पडल्या. एकाही वाचकाला शंका आली नाही. आकृती टाकायला जागा नव्हती म्हणून तू आकृतीही टाकली नव्हतीस. मी लिहून दिलेला डावाचा कागद छापखान्यात गेला तो गेलाच. आणि पत्रं आली. “श्री. वाघमोडे यांनी प्यादे देऊन केलेला हल्ला आवडला.” प्यादे देऊन! अरे, वर कोथिंबीर भाजीवालाही देतो. मी हत्ती दिला होता.

मी तुला सायकलवरून उतरू दिलं नाही, तसाच छापखान्यात घेऊन गेलो. नरसय्या खिळे जुळवत होता. विणकरांच्या घरातला माणूस, घरात तेलुगू, पण मराठीची जुळणी त्याच्यासारखी पेठेत कुणाची नव्हती.

“नरसय्या, हितला एक ह कुटं गेला?”

त्यानं चष्मा वर केला. “दोन होते व्हय? मला वाटलं सायबाच्या हातनं चुकून दोनदा पडला. काढला एक.”

“न इचारता?”

“शेठ, सोलापुरात लोक एक ह बोलायचा कटाळा करतात. तुमी म्हणतात, आमी म्हणतात. तुमाला दोन कशाला पायजेत?”

मी त्याच्यावर ओरडणार तेवढ्यात तू हसायला लागलास. टेबलाला धरून. “आणि ‘इथं’ला ‘हितं’ म्हणतात!” म्हणालास. “हवा तिथं गिळतात, नको तिथं लावतात. शेठ, तुझा ह सोलापूरनं खाल्ला.” नरसय्या हसला, यंत्रावरचा माणूस हसला. पुढं तू हे वाक्य येईल त्याला सांगितलंस. लग्नात सांगितलंस, बँकेत सांगितलंस. नरसय्यावर माझा राग नाही. त्याचं काम जुळवण्याचं होतं. तपासण्याचं काम तुझं होतं. अंकावर संपादक म्हणून नाव कुणाचं होतं?

मी म्हटलं, दुरुस्ती छाप. तू म्हणालास, “पुढच्या अंकात बघू.”

तोंडी तक्रार तू चहाबरोबर गिळायचास, म्हणून मी कार्डं टाकायला लागलो. रविवारी तुझ्याकडं बसून आलो की सोमवारी एमआयडीसीतून कार्ड. ‘मागील अंकातील डावात पांढऱ्याची चाल हह५ अशी हवी. संपादकांनी खुलासा करावा.’ पोस्टमन वहिनींना विचारायचा, हे वाघमोडे कोण, फार चिडके दिसतात. वहिनी म्हणायच्या, “परवाच इथं बसून चहा घेऊन गेले. तेव्हाच हातात द्यायचं की.”

परदेशी मासिकं मी तुझ्यापुढं आपटली. पुढं फोनवर वार्तापत्रं यायला लागली, तीही प्राचीकडून वाचून घेतली. कुठल्या तरी लांबच्या देशातला संपादक मागच्या अंकात एका घराचा आकडा चुकला म्हणून शेवटच्या पानावर माफी मागतो. वाचणाऱ्यानं पत्र पाठवलं तर त्याचे आभार मानतो. “हे बघ! ह्याला म्हणतात संपादक.” तू शांतपणे चष्मा पुसायचास. “त्यांच्याकडं पानं जास्त असतात.”

मग सौदा सुरू झाला. माळशिरसकडं माझे वडील बैलबाजारात जायचे तेव्हा मी त्यांच्या धोतराला धरून उभा असायचो. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकायचा आणि आत बोटं धरायची. एक बोट, दोन बोटं. बाकीच्यांना पत्ता लागत नाही. मी तुला ते शिकवलं. एक बोट म्हणजे दुरुस्तीची एक ओळ. पाचही बोटं म्हणजे पूर्ण डाव परत, आकृतीसकट. तू एक बोट धरलंस, कोपऱ्यात, बारीक टायपात. मी पाच. आपल्याच कारखान्याचा टॉवेल, आणि आत दोन म्हातारे होत चाललेले हात एकमेकांची बोटं पिरगाळतायत. वहिनी म्हणायच्या, “ह्यांचं लग्न लागतंय का काय!” वर्षानुवर्षं घासून मी चारवर उतरलो, तू दोनवर चढलास. तिथं अडलं.

अडलं, कारण तुझ्या डोक्यात वेगळंच शिरलं. एका रविवारी गेलो तर तू पट मांडून बसलेला.

“हणमंता, मी तो डाव परत परत खेळून बघितला. छापलेली चाल जास्त चांगली आहे.”

“कोण म्हणतंय?”

“प्यादं पुढं नेलं असतंस तरी तो फुटलाच असता. हत्ती हातात राहिला असता.”

“प्यादं त्यानं खाल्लंच नसतं. हत्ती दिसला म्हणून हात गेला. बारीक फायदा असला की माणूस हिशेब करतो. मोठा दिसला की करत न्हाय.”

“हा बाजार नाही.”

“पटामागं माणूसच बसतो की. आणि चांगली चाल छापायची असते का खेळलेली?”

 तू घोडा उचललास, परत तिथंच ठेवलास. पण दुरुस्ती दिली नाहीस. उलट म्हणालास, “चांगली चाल काढून वाईट चाल कशी छापू? वाचक काय शिकतील?” हेच ते फसवणं. चूक नरसय्याची होती तोपर्यंत चूक होती. तुला ती आवडली, आणि तू ठेवून घेतलीस. माझ्या नावावर, मी न केलेली शहाणपणाची चाल. तुला हत्ती दिलेला हणमंत नको होता. तुला हत्ती राखून जिंकलेला हणमंत पाहिजे होता.

प्राचीनं एकदा फोनवर ते यंत्र काढलं. चाली घातल्या की कुठली चांगली ते सांगतं. “दोन सेकंद,” म्हणाली. आपण दोघं एकदम ओरडलो, “नको!” ती दचकली. मग तिनं एकदा तुझ्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि फोन घेऊन आत गेली. त्या एका बाबतीत आपलं कधी भांडण झालं नाही.

तुझ्या शेवटच्या आजारात मी दवाखान्यात दुपारी आलो होतो. वहिनी जेवायला घरी गेल्या होत्या. तुझ्या तोंडावर तो ऑक्सिजनचा मुखवटा, त्यामुळं बोलणं बंद. मला गप्प बसलेल्या भास्करपुढं काय करायचं ते कळेना. मी कारखान्यातल्या कटकटी सांगितल्या. कुठला माग बंद, कुठल्या व्यापाऱ्यानं गठ्ठा परत पाठवला. तू डोळे मिटून ऐकत होतास. मग मी पिशवीतला टॉवेल काढला, नवा, किनार निळी, आणि तुझ्या हातावर टाकला. माझा हात आत घातला. चार बोटं पुढं केली. “बोल,” म्हटलं.

तू डोळे उघडलेस. मग पाचही धरलीस.

भास्कर, माझं सगळं आयुष्य भाव करण्यात गेलं. मी चार मागितल्यावर समोरच्यानं पाच दिले, असं एकदाही झालेलं नाही. कुणी मागण्यापेक्षा जास्त देतो तेव्हा एक तर त्याला ऐकू आलेलं नसतं, नाही तर तो सौदाच करत नसतो. मी तुझ्या डोळ्यांकडं बघितलं. तू खिडकीकडं बघत होतास. हे तुला मीच शिकवलं होतं. तुझी पकड घट्ट होती. मला वाटलं, जिंकलो. मला दुसरंही काहीतरी वाटलं, ते मी त्या वेळी बाजूला सारलं. परिचारिका आली आणि म्हणाली, “आजोबा, हात काढा, सुई लावायचीय.” मी टॉवेलासकट हात काढला.

त्यानंतर तुझा अंक निघाला नाही.

तू गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या सभेत मी मागच्या रांगेत बसलो होतो. वंदना झाली. लोक बोलायला उठले. शांत, मितभाषी, कुणाला दुखावलं नाही. मी मनात म्हणत होतो, हे कुणाबद्दल बोलतायत? मला रोज दुखवायचा. कारखान्यात मी आवाज चढवला की मागावरचे लोक खाली बघतात, पोरं हो म्हणतात, व्यापारी फोन ठेवतात. तू ऐकून घ्यायचास आणि म्हणायचास, “झालं? आता चाल कर.” या गावात मला न घाबरणारा एक माणूस होता, तो तुम्ही फुलांत ठेवलाय आणि म्हणताय शांत होता.

रविवारी अजून पाय तिकडं वळतात. मी कोपऱ्यापर्यंत येतो. तुझ्या खिडकीतला पंखा दिसतो, बंद. परवा वहिनींनी बघितलं आणि हाक मारली. टपालानं आलेली मासिकं माझ्यापुढं ठेवली, न फोडलेली. “भाऊजी, वर्गणी संपेपर्यंत येत राहणार. तुम्हीच न्या. मला बघवत नाही.” मी विचारलं, भांडण केलं नाही म्हणून चहा नाही का? त्या हसल्या आणि मग आत गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. मी जुना गठ्ठा काढला, चहाच्या डागाचं पान बघितलं, ठेवून दिलं.

मासिकं घरी आणली. पट मांडला. तेव्हा कळलं की मला फक्त अर्धं वाचता येतं. चाली कळतात. बाजूला इंग्रजीत काय लिहिलंय ते तू सांगायचास. हा इथं का थांबला, ह्याला काय दिसलं नाही, ही चाल करताना ह्याचा हात का थरथरला. कदाचित यातलं निम्मं तू मनानंच सांगत असशील, मला तेव्हाही संशय होता. आता सोंगट्या हलतात आणि कोणी काही बोलत नाही. नातवाला म्हटलं वाचून दाखव. त्यानं भराभर वाचलं. त्यात कुणाचाच हात थरथरला नाही.

प्राची म्हणते, “काका, मी तुमचा डाव या अंकात नीट छापते. हह५. दोन ह. पूर्ण पान, आकृतीसकट.”

मी म्हटलं, “दुरुस्ती संपादकानं द्यायची असते.”

“आता संपादक मीच आहे.”

“तू त्या दिवशी सभागृहात होतीस?”

“काका, मी जन्मलेसुद्धा नव्हते.”

“मग तुला काय म्हायती, मी हत्ती दिला का प्यादं?”

तिनं फोन हातात घेतला. मग हळूच म्हणाली, “यंत्राला विचारू? कुठली चाल चांगली होती ते तरी कळेल.”

“ठेव तो फोन,” म्हटलं.

कागद गेला. वकील गेले. नरसय्या गेला. तो मोठा खेळाडू अशा किती गावांत किती टेबलांवर खेळला असेल, त्याला सोलापूरचा टॉवेलवाला कुठला आठवायला! माझ्या खुर्चीच्या मागं एकच माणूस उभा होता. मी हत्ती उचलून ह५ वर ठेवला तेव्हा ज्याचा श्वास अडकला, त्याला माहीत आहे मी काय दिलं. त्याच्या शब्दाशिवाय बाकी सगळं म्हणजे एका म्हाताऱ्याचं म्हणणं.

तेव्हा आता शेवटचं विचारतो, आणि हे कार्ड समज. टॉवेलाखाली तू पाचही बोटं धरलीस. तो सौदा होता का? सौदा असेल तर तू तो मोडलास. माझा पूर्ण डाव, आकृतीसकट, तुझ्या सहीनं, कुठं आहे? आणि सौदा नव्हता, नुसता हात धरला होतास, तर तसं तेव्हाच का कळवलं नाहीस? मी टॉवेल काढून टाकला असता. उघड धरला असता.

संपादकांनी खुलासा करावा.